नेट हॉलमध्ये, काम गच्चीवर!

तुमच्या घरात राउटर कुठे आहे? न बघता सांगा. हॉलमध्ये. टीव्हीच्या बाजूला, शोकेसच्या वर, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोच्या जरा खाली. बरोबर ना? गेल्या महिन्यात मी दहा-बारा मित्रमैत्रिणींना हा प्रश्न विचारला. एक अपवाद सोडला तर सगळ्यांचं उत्तर हेच. आणि जो अपवाद होता, त्याच्या घराला हॉलच नाही!

आता प्रश्न दुसरा. तुम्ही काम कुठे बसून करता?

इथे उत्तरं मजेशीर व्हायला लागतात. बेडरूमच्या कोपऱ्यात. बंद केलेल्या बाल्कनीत. डायनिंग टेबलावर, पण चार वाजेपर्यंतच, कारण नंतर तिथे भाजी निवडायची असते. एकीनं तर सांगितलं, 'इस्त्रीच्या टेबलावर. उंची अगदी परफेक्ट आहे गं!' म्हणजे बघा, नेट जिथे आहे तिथे काम होत नाही आणि काम जिथे होतं तिथे नेट पोचत नाही.

कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाला त्या दिवशी अजून पाच-सहा घरं करायची असतात. दारातून आत आल्यावर सगळ्यात जवळचा प्लग पॉइंट टीव्हीचा. वायर तिथे संपते, राउटर तिथे बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. 'कुठे लावू?' असं तो विचारतोही, पण त्या वेळी घरी जो असतो त्याला. आमच्याकडे बाबा होते. बहुतेकांकडे बाबाच असतात.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये या पाच मिनिटांच्या निर्णयाची किंमत घरोघरी कळली. राउटरजवळची खुर्ची कुणाला मिळाली ते आठवून पाहा. माझी एक मैत्रीण शाळेत शिकवते. तिनं जवळजवळ अख्खं वर्ष जिन्याच्या पायरीवर बसून पाचवीला गणित शिकवलं. राउटर भिंतीच्या पलीकडे, हॉलमध्ये. हॉलमध्ये सासऱ्यांच्या बातम्या. जिन्यात सिग्नल दोन कांड्या. स्वयंपाकघरात शून्य. लॉकडाउन संपला, राउटर मात्र कुणी हलवला नाही. आता ती संध्याकाळी ऑनलाइन शिकवण्या घेते. त्याही जिन्यातूनच.

माझा मामला थोडा वेगळा. कोथरूडमधलं सत्तरच्या दशकातलं घर, राउटर तळमजल्यावर, माझी खोली गच्चीवर. मध्ये दोन स्लॅब आणि नऊ इंची विटांच्या भिंती. त्या काळी लोक घर बांधायचे ते नातवंडांपर्यंत टिकावं म्हणून. त्यात नातीचं वायफाय वर कसं जाईल याचा विचार कोण करणार!

वायफाय हवेतून येतं, मग अडतं कशाला, असं आई नेहमी विचारते. तर त्याचा साधा फंडा असा. राउटर बहुतेक वेळा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंतींसमोर लवकर हार मानतो. दोन पॉइंट चारवाला चिवट, भिंती जास्त पार करतो, पण वेग कमी आणि गर्दी भयंकर. कारण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या वीस घरांचे राउटर त्या तिघांवर दाटीवाटीनं बसलेले. वर मध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब. माझ्या खोलीत फोनवर वायफायची एक कांडी दिसायची, तीही अधूनमधून पापणी मिटायची.

यावर बाजारात उपाय पुष्कळ आहेत. दादानं एक रिपीटर आणला होता. रिपीटर म्हणजे निरोप्या. खालचं ऐकून वर सांगणार, वरचं ऐकून खाली. स्वस्तातला रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि मुळात त्यालाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? कांड्या चार, नेट नाही. मेश राउटर यापेक्षा बरे, पण तेही आपापसात हवेतूनच बोलणार असतील तर आमचा स्लॅब त्यांनाही आडवा येणारच. घरातल्या विजेच्या वायरिंगमधून नेट पाठवणारे पॉवरलाइन ॲडॉप्टरही मिळतात. पण दोन प्लग वेगवेगळ्या फेजवर असले की त्यांचं काम अवघड. आमच्या घरात वरचा मजला वेगळ्या फेजवर. विषय संपला.

राहिली वायर. सरळ, साधी, आउट ऑफ फॅशन वायर.

गंमत म्हणजे वायरीतल्या या नेटचं नाव मात्र हवेतलं. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफनं 'इथरनेट'ची कल्पना कागदावर मांडली. नाव घेतलं ते 'ईथर'वरून. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं पूर्वी मानत, ते ईथर. आणि त्यामागची प्रेरणा होती हवाई विद्यापीठाचं रेडिओवर चालणारं अलोहानेट. म्हणजे बिनतारीवरून तार सुचली. आपण आता उलटं निघालोय, एवढंच.

तरीही वायरचा विषय मी घरात दोन वर्षं लावून धरला आणि दोन वर्षं तो 'बघू' या खात्यात पडून होता. 'तुझं काय, लेखच पाठवायचे ना, ई-मेल तर जातोय!' हे बाबांचं म्हणणं. लेख जायचे, हे खरं. पण फ्रीलान्सरचं अर्धं काम ऐकण्याचं असतं.

एका पावसाळ्यात मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या पगारावर एक स्टोरी करत होते. एक बाई पुण्यातलं काम सोडून गावी परत गेल्या होत्या. मुलीचा फोन घेऊन, बांधावर उभ्या राहून माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. पाऊणएक तास इकडचं तिकडचं झालं. मग काम का सोडलं ते सांगायला लागल्या. आवाज खाली गेला. नजर बाजूला गेली. आणि माझी स्क्रीन थिजली.

चार मिनिटांनी परत जोडलं गेलं. मी म्हटलं, ताई, शेवटचं ऐकू नाही आलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'सांगून झालं बाई. आता परत नको.'

त्या शेतात उभ्या होत्या, मोबाइलच्या डेटावर. तुटलं ते माझ्या बाजूनं. पुण्यात, २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या घरात. स्टोरी छापून आली, ती गोष्ट त्यात नव्हती. तिनं ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली असेल का, हे मला अजूनही माहीत नाही.

त्या रात्री जेवताना मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरला. मग म्हणाले, 'वायर कुठून न्यायची?'

इथून खरी मजा सुरू झाली. कारण जुन्या पुणेरी घरात वायर कुठून न्यायची हा तांत्रिक प्रश्न नसतो, तो घराच्या इज्जतीचा प्रश्न असतो. सगळ्यात जवळचा रस्ता सरळ वर, दोन्ही स्लॅबना भोक पाडून. 'कोब्याला हात लावायचा नाही!' इति बाबा. आणि इथे मी शंभर टक्के त्यांच्या बाजूनं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग एकदा फोडलं की पुढचे दहा पावसाळे छताखाली बादली. दुसरा रस्ता जुन्या कन्सिल्ड पाइपमधून. पण त्यात विजेच्या वायरी आधीच ठासून भरलेल्या, आणि विजेच्या आणि नेटच्या वायरीला एका पाइपात घालायचं नसतं. एकतर सुरक्षितता, दुसरं म्हणजे विजेची गुणगुण नेटच्या वायरीत उतरते. दोघींमध्ये वीतभर अंतर हवं आणि एकमेकींना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडावं.

राहिला बाहेरचा रस्ता. हॉलच्या खिडकीशेजारून बाहेर, पावसाच्या पाण्याच्या पाइपाला धरून वर, गच्चीच्या कठड्याच्या आतल्या अंगानं माझ्या खोलीपर्यंत. दोरी धरून मोजलं, साधारण २६ मीटर. या वायरीला १०० मीटरपर्यंत मुभा असते, त्यामुळे टेन्शन नाही.

खरेदी अर्थात तपकीर गल्लीत. (मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड वाचावं.) तिथे ३०५ मीटरच्या खोक्यातून सुटी केबलही मोजून मिळते. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, 'कॅट फाइव्ह-ई देऊ का सिक्स?' घरच्या गिगाबिट नेटला फाइव्ह-ई पुरते. सिक्स थोडी जाड, आणि ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिट झेपणारी. भिंतीतून एकदाच ओढायची आहे, तर सिक्स घ्यावी असं माझं मत. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुकानदार विचारत नाही, आपण विचारायचा. प्युअर कॉपर आहे का? स्वस्त केबलमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती हलकी लागते, वाकवताना तुटते, लांब पल्ल्यात दगा देते. ब्लेडनं तार जरा खरवडायची. आत रुपेरी निघाली तर धन्यवाद म्हणून पुढच्या दुकानात. मी हे केलं तेव्हा काउंटरमागचे काका हसले. मग खालच्या फळीवरचा दुसरा बॉक्स काढला. तो तांब्याचा होता.

आणखी एक. बाहेरून न्यायची असेल तर बाहेरचीच केबल मागायची, काळ्या जाड आवरणाची. घरातली करडी किंवा निळी दिसायला छान, पण पुण्याच्या दोन उन्हाळ्यांत तिची साल तडकते, आणि मग जून आहेच. मी ३५ मीटर घेतली. कमी पडलेली केबल जोडून वाढवण्यापेक्षा उरलेली बरी.

वायरमन काका रविवारी आले. घरातले सगळे पंखे त्यांनीच बसवलेले, त्यामुळे बाबांचा विश्वास पक्का. काका विजेचे मास्टर, नेटच्या वायरीकडे मात्र जरा तुच्छतेनं बघणारे. 'यात करंटच नाही ताई!' तरी हात असा सफाईदार की बघत राहावं. भिंतीला भोक पाडताना ड्रिलचा बिट आतून बाहेर किंचित उतरता धरला, म्हणजे पावसाचं पाणी आत यायला चढावं लागेल. बाहेरच्या बाजूला भोकाजवळ केबलला खाली एक झोका दिला, म्हणजे केबलवरून वाहत आलेलं पाणी त्या झोक्याच्या तळाशी टपकून जातं, घरात शिरत नाही. कनेक्टर आधी लावला नाही, कारण त्यासाठी जास्त मोठं भोक लागलं असतं. नुसती केबल ओवली, मग भोक सिलिकॉननं बंद केलं. हॉलमध्ये चौकटीच्या कडेनं पांढरी केसिंग पट्टी. आईनं लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाली, 'चालेल.' आमच्याकडे यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

मग कनेक्टर. आत आठ तारा, चार जोड्या पिळलेल्या. क्रम ठरलेला असतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. काकांनी क्रिंपिंग केलं, लॅपटॉपला जोडलं, नेट सुरू! टाळ्या! स्पीड टेस्ट, ९४.

'शंभरच्या जवळ आलं की! खोलीत एक तरी येत होतं का?' काका खूश. बाबा खूश.

पण ९४ हा आकडा संशयास्पद आहे, हे लक्षात ठेवा. १०० एमबीपीएसच्या जोडणीला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी जोडी नीट बसली नाही तर वायर तक्रार करत नाही, गुपचूप शंभरवर उतरते आणि टेस्टमध्ये ९४-९५ दिसतं. कॉलसाठी तेवढं पुष्कळ झालं, व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. पण सैल बसलेली तार आज सैल असते आणि पावसाळ्यात तुटलेली. काकांकडे टेस्टर होता, एक ते आठ दिवे ओळीनं लागतात तो. सातवा लागलाच नाही. पांढरी-तपकिरी कनेक्टरमध्ये पूर्ण आत गेली नव्हती. काकांनी टोक छाटलं, नवा कनेक्टर, परत दाबलं. आठही दिवे. स्पीड टेस्ट, १९६. काका टेस्टरकडे बघत म्हणाले, 'बारीक काम आहे हे.' तुच्छता थोडी उतरली होती.

सगळ्यांनाच हे करावं लागेल असं नाही. घरात तुम्ही एकटेच असाल तर फायबर थेट तुमच्या खोलीपर्यंत आणायला सांगा, मधली भानगडच मिटली. (फक्त त्या वायरीला करकचून वळवू नका. आत काच असते.) भाड्याचं घर असेल आणि मालक खिळाही ठोकू देत नसतील, तर चपटी लॅन केबल दाराखालून जाते आणि पट्टी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवर राहते. घर सोडताना काढून न्यायची. खोली वेगळ्या इमारतीत असेल, आउटहाउस वगैरे, तर मात्र दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर टाकू नका, फायबर टाका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, आणि मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांबं तो झटका दोन्ही घरांत पोचवतं. आमची वायर एकाच इमारतीला चिकटून आहे, तरी ढग गडगडायला लागले की मी दोन्ही टोकं काढून ठेवते.

लॅपटॉप घेतानाही बघा, आजकालच्या सडपातळ लॅपटॉपना लॅनचं भोकच नसतं. यूएसबीला लावायचा ॲडॉप्टर मिळतो. त्यावर '१०/१००' एवढंच लिहिलं असेल तर परत ठेवा, 'गिगाबिट' लिहिलेला घ्या, नाहीतर एवढं करून पुन्हा ९४! फोनसाठी वर आमचाच जुना राउटर लावला, ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकून. म्हणजे पत्ते वाटायचं काम खालचाच राउटर करतो, वरचा फक्त वायफाय सोडतो. दोघेही पत्ते वाटायला लागले की घरात दोन कारभारी होतात आणि प्रिंटर सापडेनासा होतो.

एकूण खर्च? केबल, पट्टी, कनेक्टर, ॲडॉप्टर आणि काकांची मजुरी मिळून माझ्या एका लेखाच्या मानधनाहून थोडा जास्त. निम्मा बाबांनी दिला. न मागता.

त्यानंतर इंटरव्ह्यू एकदाही तुटलेला नाही. वीज गेली की राउटर बंद पडतो, तो वेगळा विषय. त्या बाईंना मी पुन्हा फोन केला होता. त्या भाताच्या लावणीबद्दल बोलल्या, मुलीच्या बारावीबद्दल बोलल्या. मीही विचारलं नाही.

साधारण नऊ मीटर केबल उरली होती. ती गुंडाळून कपाटावर ठेवली होती. मागच्या आठवड्यात माझी ती गणितवाली मैत्रीण घरी आली. गच्चीवर चहा पिताना तिनं केबल पाहिली आणि पर्समधून चिठ्ठी काढली. हॉलपासून स्वयंपाकघराच्या ओट्यामागच्या कोपऱ्यापर्यंत आठ मीटर वीस. सासरे दुपारी झोपतात तेव्हा टेप लावून मोजलेलं. केबल ती पिशवीत घालून घेऊन गेली. काका येत्या शनिवारी जाणार आहेत. घरी अजून तिनं काही सांगितलेलं नाही.